नऊ हजारांचा की साडेअकरा हजारांचा? दोन स्वस्त फोनांतला पैसावसूल कोणता, ते असं तपासा

काउंटरवर दोन फोन शेजारी शेजारी ठेवलेले. एक ८,९९९चा, दुसरा ११,४९९चा. दोन्ही डब्यांवर ‘५० मेगापिक्सेल’, दोन्हींवर ‘५,००० एमएएच’, दोन्हींवर ‘५जी’. मग गिऱ्हाइकानं बघायचं काय? रंग आणि किंमत. “हाऊ कितलाले?”, म्हणजे हा कितीला, इथून बोलणं सुरू होतं आणि अडीच हजार वाचले म्हणत स्वस्तातला पिशवीत जातो. कधी तो निर्णय बरोबर असतो, पुष्कळदा नसतो. कारण फोन किती दिवस नीट चालेल हे ठरवणाऱ्या चार गोष्टी डब्यावर मोठ्या अक्षरात नसतात: स्टोरेज कोणत्या जातीचं, सुरक्षा अपडेट कधीपर्यंत, आपल्या सिमचे बँड, म्हणजे कंपनी ज्या लहरींवर नेटवर्क देते ते पट्टे, आहेत का, आणि बिघडला तर दुरुस्तीला जायचं कुठं.

जळगावच्या गोलाणी मार्केटला किंवा धुळ्याच्या आग्रा रोडला जाण्याआधी अर्धं काम घरी बसून होतं. उरलेलं अर्धं दुकानात वीस मिनिटांत उरकतं.

नाव पूर्ण लिहून घ्या

सर्वांत जास्त फसगत नावात होते. एकाच नावाचे ४जी आणि ५जी असे दोन फोन निघतात आणि आतून ते वेगळेच असतात. रेडमी १३सी घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये भारतात त्याचे दोन्ही प्रकार आले. ४जीमध्ये हेलिओ जी८५ प्रोसेसर आणि ईएमएमसी हे संथ जातीचं स्टोरेज, तर ५जीमध्ये डायमेन्सिटी ६१००+ प्रोसेसर आणि यूएफएस २.२ हे वेगवान जातीचं. दिसायला भाऊ-भाऊ, वेगात जमीन-अस्मान. म्हणून नावापुढचं ५जी, प्लस, एस, प्रो असं शेपूट, रॅम-स्टोरेजचा आकडा आणि डब्यावरचा मॉडेल नंबर, हे सगळं वहीत लिहा. ऑनलाइन किंमत बघताना आणि दुकानात विचारताना हेच पूर्ण नाव वापरा.

मग कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचं स्पेसिफिकेशनचं पान उघडा. यूट्यूबवरच्या परीक्षणात बाहेरच्या देशातला प्रकार दाखवलेला असू शकतो, त्यावर विसंबू नका.

स्टोरेज आणि रॅम: इथं वेळ घालवा

या किमतीतले फोन वर्षभरानं हळू पडतात, त्याचा दोष बहुतेक वेळा प्रोसेसरला दिला जातो. खरा दोषी स्टोरेज असतं. ईएमएमसी ५.१ एका वेळी एकच काम करतं, वाचणं किंवा लिहिणं. अरुंद पुलावर एका बाजूच्या गाड्या थांबवून दुसऱ्या बाजूच्या सोडाव्या लागतात, तसं. यूएफएस २.२ मध्ये दोन्ही बाजूंची वाहतूक एकदम चालते आणि वाचण्याचा वेगही दुपटीच्या वर असतो. व्हॉट्सॲपचे फोटो उतरत असताना फोनपे उघडलं आणि फोन अडकला, तर तिथं हाच अरुंद पूल आहे.

त्यात स्टोरेज भरत आलं की ईएमएमसी आणखी मंदावतं. या चिपमध्ये जुनी जागा पुसल्याशिवाय नवं लिहिता येत नाही. मोकळी जागा उरली नाही की दर वेळी आधी हलवाहलव, मग लिखाण. ६४ जीबीच्या फोनमध्ये सिस्टिम आणि कंपनीची ॲप्स जाऊन हातात ४० ते ४५ जीबीच उरतात. चार-पाच ग्रुपांतले सुप्रभातचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, दोन-तीन बँकांची ॲप्स. वर्ष सरता सरता काठोकाठ. दोन फोनांत ६४ आणि १२८ असा फरक असेल, तर १२८साठी हजार-बाराशे जास्त देणं परवडतं. मेमरी कार्ड हा त्यावर पूर्ण उपाय नाही. फोटो कार्डावर जातात, ॲप्स मात्र आतच राहतात.

संकेतस्थळावर स्टोरेजची जात लिहिलेलीच नसेल, तर ईएमएमसी धरून चाला. यूएफएस असतं तर कंपनीनं ते ठळक छापलं असतं.

रॅमचा आकडा वाचताना अधिकचं चिन्ह बघा. ‘८ जीबी + ८ जीबी’ मधले पहिले आठ खरे. दुसरे आठ म्हणजे स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरायचा. ईएमएमसी असलेल्या फोनमध्ये ही व्हर्च्युअल रॅम सुरू ठेवून उपयोग थोडा आणि स्टोरेजवर ताण जास्त. ‘१६ जीबी रॅम’ असं कुणी म्हणालं, तर खरी किती तेवढंच विचारा. आजच्या घडीला खरी ४ जीबी म्हणजे कसंबसं, ६ म्हणजे ठीक.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. डायमेन्सिटी ६३०० आणि स्नॅपड्रॅगन ४ जेन २ हे रोजच्या कामाला पुरेसे. हेलिओ जी८५, युनिसॉक टी६१२ ही जुन्या १२ नॅनोमीटरच्या घडणीची मंडळी. चालतात, पण तापतातही आणि बॅटरीही जास्त खातात. दोन फोनांत डायमेन्सिटी ६१००+ आणि ६३०० एवढाच फरक असेल, तर त्यासाठी जादा पैसे देऊ नका. हातात तो जाणवणार नाही.

अपडेटची वर्षं कुठून मोजायची

‘४ वर्षं सुरक्षा अपडेट’ असं लिहिलेलं असतं. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दीड वर्षापूर्वी आलेलं मॉडेल आज स्वस्तात मिळत असेल, तर तुमच्या वाट्याला अडीचच वर्षं आली. ‘२ अँड्रॉइड अपडेट, ४ वर्षं सुरक्षा’ हेही दोन वेगळे आकडे आहेत. पहिला नव्या आवृत्तीचा, दुसरा भोकं बुजवण्याचा. बँकेच्या ॲपसाठी दुसरा जास्त महत्त्वाचा.

कंपनी शब्द पाळते का, ते तपासायला गावात तोच फोन वापरणारा कुणी शोधा. सेटिंग्ज, मग ‘फोनबद्दल’, मग अँड्रॉइड सुरक्षा अपडेटची तारीख. ती सहा-आठ महिने जुनी असेल, तर छापील वचनाला किती किंमत द्यायची ते कळलं. त्याच माणसाला आणखी दोनच प्रश्न विचारा: आता हळू झाला का, आणि चार्जिंग किती टिकतं. शंभर परीक्षणांपेक्षा वर्षभर खिशात राहिलेला एक फोन जास्त सांगतो.

आपल्या गावात कोणतं सिम चालतं?

नेटवर्कच्या बाबतीत जळगाव शहर आणि धडगाव यांना एकच सल्ला देता येत नाही.

जिओचं ५जी ‘एसए’ पद्धतीचं, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय उभं असलेलं. त्यासाठी फोनमध्ये एन२८ आणि एन७८ हे बँड हवेत. एअरटेलनं ५जी सुरू केलं ते ‘एनएसए’ पद्धतीनं, ४जीच्या खांद्यावर. आता गोम अशी, की काही अगदी स्वस्त ५जी फोन फक्त एसए पद्धत ओळखतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला रेडमी ए४ ५जी असाच. त्यात एअरटेलचं एनएसए ५जी चालत नाही. एअरटेलचं सिम असलेल्यानं डब्यावरचं ‘५जी’ बघून तो घेतला, तर एनएसए असलेल्या ठिकाणी तो ४जी फोनच वापरत बसेल. म्हणून संकेतस्थळावर ‘एसए/एनएसए’ असे दोन्ही शब्द लिहिलेत का, ते बघा.

सातपुड्याच्या पायथ्याला, आत पाड्यांवर, काही ठिकाणी बीएसएनएल हाच आधार असतो. त्यांच्या ४जीसाठी बँड १ आणि बँड २८ यादीत आहेत का, ते पाहा. जुन्या आणि स्वस्त फोनांच्या यादीत बँड २८ कधी कधी गळलेला असतो. आणि तुमच्या गावात ५जी पोचलंच नसेल, वर्ष-दोन वर्षांत तालुक्याला राहायला जायचा विचारही नसेल, तर ५जीसाठी म्हणून वेगळे पैसे मोजू नका. मात्र त्याच किमतीत चांगल्या स्टोरेजचा फोन नेमका ५जी निघाला, तर स्टोरेजसाठी तो घ्या.

धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंतींमुळे आत सिग्नल येत नाही. घरी वायफाय असेल, तर ‘वायफाय कॉलिंग’ असलेला फोन घ्या. फोन लावायला अंगणात यावं लागणार नाही. ही सोय तुमच्या कंपनीच्या सिमवर त्या मॉडेलला मिळते का, तेही आधीच बघा.

सिमचा ट्रे कसा आहे? दोन सिम आणि कार्ड तिन्ही एकदम बसतात, की कार्ड घातलं तर दुसरं सिम काढावं लागतं? दोन सिम वापरणाऱ्यासाठी हे कॅमेऱ्याहून मोठं.

महिन्याचा हिशेब

आता वहीत दोन रकाने पाडा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या फोनांचे त्याजागी घाला.

पहिला फोन: किंमत ८,९९९, कव्हर आणि काच ३००, मेमरी कार्ड ६००. एकूण ९,८९९. ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी, सुरक्षा अपडेट उरली दोन वर्षं. २४ महिने धरा. महिन्याला ४१२ रुपये पडले.

दुसरा: किंमत ११,४९९, कव्हर आणि काच ३००, डब्यात चार्जर नाही म्हणून ९९९. एकूण १२,७९८. ६ जीबी रॅम, १२८ जीबी यूएफएस, अपडेट साडेतीन वर्षं. ४२ महिने धरले तर महिन्याला ३०५.

म्हणजे महागडा दिसणारा फोन महिन्याला शंभरानं स्वस्त. पण इथंच थांबू नका. १२,७९८ ला ४१२ नं भागा: ३१ येतात. दुसरा फोन ३१ महिन्यांच्या पुढं गेला तरच तो स्वस्त. तुमच्या हातात फोन दीड वर्षाच्या वर टिकतच नाही, विहिरीवर पडतो, ट्रॅक्टरवरून निसटतो, पोरं आपटतात, असं असेल तर पहिलाच घ्या. त्यात कमीपणा नाही, तो हिशेबच आहे.

या रकान्यात दुरुस्ती धरायला विसरू नका. बऱ्याच कंपन्या सुट्या भागांच्या किमती आपल्या संकेतस्थळावर देतात. डिस्प्लेची किंमत फोनच्या चौथाईच्या वर असेल, तर एकदा फुटला की हिशेब उलटतो. अॅमोलेड डिस्प्ले एलसीडीपेक्षा महागच पडतो. सर्व्हिस सेंटर कुठं आहे, तेही बघा. जळगाव-धुळ्याला बहुतेकांची असतात. अक्कलकुव्याच्या माणसाला फोन द्यायला एक खेप, आणायला दुसरी, वर दोन दिवसांची मजुरी बुडणार. हे पैसेही त्या फोनच्याच नावावर लिहा. हँडसेटची वॉरंटी साधारण वर्षाची असते, डब्यातल्या चार्जरची आणि केबलची सहसा सहा महिन्यांची.

दुकानात, ऊन असताना

दुपारी जा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली सगळेच डिस्प्ले चांगले दिसतात.

दोन्ही फोनांत ‘आपोआप ब्राइटनेस’ सुरू करा आणि दुकानाच्या पायरीवर, उन्हात या. ऑटो सुरूच हवं, कारण बऱ्याच फोनांचा सर्वांत प्रखर उजेड उन्हात ऑटोमध्येच लागतो. हातानं पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी तिथवर जात नाही. आता व्हॉट्सॲपवरचा बारीक अक्षरातला मजकूर किंवा सातबाऱ्याची पीडीएफ उघडा. ज्यावर गट नंबर डोळे न ताणता वाचता आला, तो शेतात कामाचा. छापील आकड्यांत सांगायचं, तर ५०० निट्सचा (निट्स म्हणजे डिस्प्लेचा उजेड मोजायचं माप) डिस्प्ले मे महिन्याच्या उन्हात अपुरा पडतो. हजाराच्या आसपास असेल तर निभतं. भुसावळला पारा ४५च्या पुढं जातो तेव्हा तापलेला फोन स्वतःहून उजेड कमी करतो, ही आणखी एक भर. १२० हर्ट्झची, म्हणजे सरकवताना डिस्प्ले गुळगुळीत दिसण्याची, मजा या उन्हात कुणाला दिसत नाही.

उन्हात उभेच आहात, तर गुगल मॅप उघडा. निळा ठिपका किती सेकंदांत जागेवर बसतो, भोवतीचं फिकट वर्तुळ किती लहान होतं, ते दोन्हींत बघा. मग फोन हातात धरून जागेवर गोल फिरा. ठिपक्यापुढचा निळा झोत तुमच्याबरोबर फिरला पाहिजे. फिरत नसेल, तर फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सर नाही. कंपन्या इथं पैसे वाचवतात. ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरून शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, करणाऱ्यानं ठिपक्याची ही परीक्षा टाळूच नये. बांधावर उभं राहून ॲप ‘तुम्ही गटाच्या बाहेर आहात’ म्हणू लागलं, की राग ॲपवर निघतो. खोट पुष्कळदा फोनच्या जीपीएसची असते.

आत या आणि आपलं सिम पहिल्या फोनमध्ये घाला. सेटिंग्जमध्ये सिमच्या स्थितीत सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो, शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ९०च्या आसपास उत्तम, उणे १०५ म्हणजे ढिला, उणे ११५च्या पलीकडे कॉल तुटणार. एक मिनिट थांबून आकडा लिहा. तेच सिम त्याच जागी दुसऱ्या फोनमध्ये घालून पुन्हा लिहा. दोन-तीनचा फरक सोडून द्या. दहाचा फरक दोनदा तपासूनही राहिला, तर एकाचा अँटेना कमजोर आहे.

लगेच एक कॉल लावा आणि फोन कानाला लावा. स्क्रीन विझली का? काही स्वस्त फोनांत जवळ आलेली वस्तू ओळखणारा खरा सेन्सर नसतो, अंदाजावर काम चालतं. मग बोलता बोलता गालानं म्यूट दाबला जातो आणि समोरचा “हॅलो, हॅलो” करत राहतो. दुकानाबाहेर रिक्षांच्या गोंगाटात स्पीकर लावूनही ऐका. मळणी यंत्राशेजारी त्याहून वाईट अवस्था असते.

वेगाची परीक्षा सोपी आहे. दुकानात दाखवायला ठेवलेला फोन बंद करून चालू करा. कॅमेरा, यूट्यूब, मॅप, क्रोम, गॅलरी, सेटिंग्ज ही ॲप्स एकामागोमाग उघडा आणि परत पहिल्यावर या. होतं तिथंच दिसलं तर रॅम पुरते. नव्यानं सुरू झालं तर पुरत नाही. हेच दुसऱ्यावर करा. दुकानातला फोन रिकामा असतो हे लक्षात ठेवा. इथंच अडखळणारा फोन तुमचे फोटो आणि ॲप्स भरल्यावर काय करील?

कॅमेऱ्यासाठी दोन फोटो पुरेत. एक छापील कागदाचा, हातभर अंतरावरून; मोठा करून अक्षरं वाचा. दुसरा दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्याचा. ५० मेगापिक्सेल म्हणजे चार-चार ठिपके एकत्र करून काढलेला साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो, आणि मागची २ मेगापिक्सेलची जादा लेन्स शोभेची. केळीच्या पानावरचा करपा कृषी सहायकाला दाखवायचा असेल, तर जवळून फोकस बसतो का, एवढं बघा.

चार्जिंग आणि धूळ

५,००० एमएएच म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. १० वॉटच्या चार्जरनं गळती आणि शेवटची संथ चाल धरून अडीच ते तीन तास लागतात. ३३ वॉटनं सव्वा तासाच्या आसपास. दिवसभर लाईट असलेल्या घरात या फरकाला फार अर्थ नाही. लोडशेडिंगच्या गावात मात्र दोन तासांची लाईट आली आणि फोन भरला की नाही, हा रोजचा प्रश्न. रात्रपाळीला पाणी भरायला जाणाऱ्याला फोन हाच टॉर्च. फोन ३३ वॉट घेतो आणि डब्यात चार्जर १० चा, असंही असतं. दोन्ही आकडे वेगळे विचारा. काही कंपन्यांचा वेग त्यांच्याच चार्जर-केबलवर मिळतो, घरातला दुसरा लावला तर साध्यावर येतो.

आयपी५४ या धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्जात पाच हा धुळीचा आकडा, चार उडणाऱ्या पाण्याचा. पाण्यात बुडवायला ही परवानगी नाही. कापूस वेचणीत आणि जिनिंगमध्ये तंतू चार्जिंगच्या भोकात जाऊन दाबून बसतात. मग केबल सैल होते आणि फोन ‘खराब’ ठरतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं तो गोळा हलकेच ओढून काढा. टाचणी घालू नका, आतल्या पट्ट्या वाकतात.

हप्ते आणि डबा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), दसरा-दिवाळीला आणि कापसाचे पैसे हातात आले की ‘नो कॉस्ट’ हप्त्यांचे फलक लागतात. हप्ता कितीचा हे विचारू नका. पहिल्या रुपयापासून शेवटच्यापर्यंत खिशातून एकूण किती जाणार, ते लिहून मागा. फाइल चार्ज, त्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि न मागता जोडलेला विमा तिथंच उघडा पडतो. रोखीचा भाव आणि हा आकडा यातली तफावत म्हणजे खरं व्याज. डब्यावरची एमआरपी बघून ‘चार हजार सूट’ मोजण्यात अर्थ नाही, त्या भावानं फोन कुणी विकतच नाही.

डबा स्वतःच्या समोर फोडायला लावा, मोबाइलवर चित्रण करत. डब्यावर तयार झाल्याचा महिना छापलेला असतो. दीड वर्ष पडून राहिलेल्या डब्यातली बॅटरी तेवढी म्हातारी झालेली असते, दुसरा मागा. फोन सुरू झाला की *#०६# दाबा. दिसणारे आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक), डब्यावरचे आणि बिलावरचे, तिन्ही जुळले पाहिजेत. केवायएम ही इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की तो कोणत्या फोनचा आहे ते परत येतं. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटीची तारीखही तिथंच उभ्या उभ्या बघा. ती आजच्या आधीच सुरू झालेली असेल, तर तो फोन कुणीतरी आधी चालू केलेला आहे. पैसे देऊ नका.

बिल जीएसटी नंबरचं आणि आयएमईआय लिहिलेलंच घ्या. साध्या चिठ्ठीवर सर्व्हिस सेंटर हात लावत नाही. दुकानदार ऐकतच नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिलाचा फोटो काढून स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं एका उन्हाळ्यात उडतात, आणि वॉरंटीला बारा महिने असतात.